पिकानं अंग धरलं

पहाटे ५.४५

गच्चीवर पाच-सहा कुंड्या आहेत. तुळस, गवती चहा, कढीपत्ता, एक मोगरा. पाणी आदल्या संध्याकाळीच घातलेलं असतं, त्यामुळे सकाळचं काम फक्त बघायचं. रात्रभर मुळं पाणी ओढत राहतात आणि पानातून ते फारसं उडून जात नाही. म्हणून पहाटे पान काठोकाठ भरलेलं असतं, देठावर ताठ उभं राहतं. या भरलेपणाला आपण तजेला म्हणतो. गवती चहाच्या पात्यांच्या टोकांवर थेंब बसलेले दिसतात. सगळे त्यांना दव म्हणतात, पण अगदी टोकावर बसलेला थेंब बहुतेक वेळा पात्यानंच आतून बाहेर सोडलेला असतो. मुळं जोरात काम करत आहेत, याची ती खूण.

मी कंधार तालुक्यात कृषी सहायक आहे. आज ऑगस्टचा शेवटचा गुरुवार. दर आठवड्याला पीक परिस्थितीचा अहवाल द्यावा लागतो, आणि तो खुर्चीत बसून भरायचा नाही हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकले. कसं शिकले ते पुढे सांगते.

सकाळी ६.४५

जगत्तुंग तलावाच्या कडेनं स्कूटी काढली. राष्ट्रकूटांच्या काळातला हा तलाव, आणि त्याच्या अलीकडच्या बाजूला किल्ला. पाऊस बरा झाला की किल्ल्याच्या खंदकाच्या कडेलासुद्धा इतकं गवत माजतं की दगड दिसेनासा होतो. फुलवळच्या रस्त्याला लागले तसा दोन्ही बाजूंनी सोयाबीनचा हिरवा पट्टा सुरू झाला.

वाटेत पहिला माणूस भेटला की विचारतो, "पीकपाणी कसं हाय?" तब्येत कशी आहे हे त्याच्या नंतर. परभणीचे कवी इंद्रजित भालेराव यांच्या एका कवितासंग्रहाचं नावच 'पीकपाणी' आहे, आणि मराठवाड्यातल्या माणसाला ते नाव समजावून सांगावं लागत नाही.

सकाळी ७.१५

मावशी बांधावर उभ्या होत्या. सत्तरीच्या आसपासचं वय, पदर खोचलेला, हातात विळा. त्यांचं अडीच एकर सोयाबीन मांडीपर्यंत आलेलं. पानं पसरट, रंग मधला हिरवा, दर पेऱ्याशी तीन-चार कोवळ्या चपट्या शेंगा.

"मावशी, यंदा सोयाबीन कसं हाय?"

"हाय की माय. बरं हाय."

या 'बरं हाय'वर मी थांबते. आमच्याकडे पिकाची तोंडावर स्तुती करत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. चांगल्या वावरात चुन्याचे ठिपके दिलेलं काळं मडकं काठीवर उपडं घातलेलं दिसतं ते याचसाठी. ज्याचं पीक खरोखर भरात असतं तो 'बरं हाय' म्हणून गप्प बसतो. 'लई भारी हाय' असं मोठ्यानं सांगणाऱ्याच्या वावरात मी जरा जास्त वेळ फिरते. शब्द हलका आणि पीक भारी, असा हा हिशेब. बाहेरून आलेला माणूस 'बरं' म्हणजे 'मध्यम' असं लिहून मोकळा होतो आणि सोळा आणे पीक कागदावर आठ आण्यांवर येतं.

शेजारचं वावर दाखवत मावशी म्हणाल्या, "ते बग, कसं दिसायलंय."

ते कमरेला लागत होतं. काळंशार हिरवं, इतकं दाट की पिकाच्या दोन तासांमधली, म्हणजे ओळींमधली, माती दिसत नव्हती. नव्या माणसाला यापेक्षा निरोगी पीक दुसरं वाटणार नाही. मावशी हळूच म्हणाल्या, "माजलंय."

बारा वर्षांपूर्वी हाच शब्द मी याच शिवारात ऐकला होता आणि त्याचा अर्थ मला कळला नव्हता. असंच एक वावर होतं, असंच काळंभोर. मी वहीत 'उत्कृष्ट' लिहिलं. तिथं खुरपायला आलेल्या याच मावशी म्हणाल्या होत्या, "माजलंय माय ते." मला वाटलं, कौतुक करताहेत. ऑक्टोबरात काढणीला गेले तर झाडं आडवी पडलेली, खालच्या पेऱ्यांना शेंगाच नाहीत, वरच्या शेंड्याला तेवढ्या थोड्या. त्या शेतकऱ्यानं पेरल्यावर दोन वेळा युरिया टाकला होता. सोयाबीनला हेक्टरी ३० किलो नत्र पुरतं, कारण बाकीचं ते स्वतः हवेतून मिळवतं. जास्त दिलं की सगळा जोर पानाकडे जातो, खालच्या पानांना ऊन मिळत नाही, फुलं गळतात. त्याला मी 'उत्कृष्ट' म्हटलं होतं. अहवाल वर गेला होता. परत आणता आला नाही.

बैल माजतो, माणूस माजतो, पीक माजतं. तिन्हीकडे अर्थ एकच: अंगात ताकद आहे, पण ती कामाला लागलेली नाही. खेडेगावातल्या एका क्रियापदात कृषी विद्यापीठाच्या एका प्रकरणाचा मजकूर आहे.

मावशींच्या वावरातलं एक झाड मुळासकट उपटून घेतलं. त्यांची परवानगी घेऊनच, कारण शेंगा धरलेलं झाड उपटणं कुणालाही बरं वाटत नाही. माती झटकली. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही त्याहून मोठ्या गाठी. एक गाठ अंगठ्याच्या नखानं चिरली. आत गुलाबी, जवळजवळ लालसर, हिरडीसारखा रंग. हा रंग म्हणजे गाठीतले जिवाणू हवेतलं नत्र धरत आहेत. मग शेजारच्या वावरातलंही एक झाड काढलं. गाठी थोड्या आणि बारक्या, चिरल्या तर आत फिकट हिरवट-राखाडी. आयतं नत्र मिळालं की झाड गाठी पोसत नाही. मावशींनी दोन्ही मुळं हातात घेऊन बघितली आणि म्हणाल्या, "वर काळं हाय ते खाली पांढरं हाय व्हय!" मी बारा वर्षं शोधत होते ते वाक्य त्यांनी असं सहज टाकलं.

सकाळी ८.४५

चहाच्या टपरीवर वही उघडली. ही सरकारी वही नाही, माझी आहे. शेतकऱ्यांच्या तोंडून आलेले शब्द मी तीत लिहिते. आज पानं चाळताना एक गोष्ट लक्षात आली, आणि मला वाटतं ती नीट मांडायला हवी.

निरोगी पिकाबद्दल बोलताना आमची माणसं विशेषणांपेक्षा क्रियापदं जास्त वापरतात, आणि त्यातलं एक क्रियापद पेरणीपासून काढणीपर्यंत साथ देतं: धरणं. उगवल्यावर रोप 'मूळ धरतं'. तीन-चार पानांवर आलं की 'बाळसं धरतं'. पावसानं उघडीप दिली तर 'तग धरतं', आणि पंधरा दिवसांच्या खंडानंतर सर आली की 'जीव धरतं'. मग 'जोर धरतं'. फांद्या फुटून तास झाकले जाऊ लागले की 'अंग धरतं'. त्यानंतर 'फूल धरतं', 'शेंगा धरतं'. शेवटी दाणा 'वजन धरतो'. एकेका शब्दात पिकाचं वय आहे, आणि पुढच्या आठवड्यात काय करायचं तेही आहे. 'बाळसं धरलं' म्हणाले की खुरपणी-कोळपणी उरकून घ्यायची. 'अंग धरलं' म्हणाले की कोळपं वावरात घालायचं नाही, मुळ्या तुटतात. 'फूल धरलं' म्हणाले की पाण्याचा ताण पडू द्यायचा नाही.

टवटवीत, तजेलदार, हिरवंगार, रसरशीत हे शब्दही वहीत आहेत, पण ते कोणत्याही दिवशी कोणत्याही झाडाला चालतात. धरणं तसं चालत नाही. त्याला वेळ आहे.

सकाळी ९.३०

पुढच्या वाडीत ज्वारी. खरिपाची ज्वारी आता फार कमी राहिली, सोयाबीननं जागा घेतली. पण या आबांचं एक एकर दरवर्षी असतंच, बैलांच्या कडब्यासाठी. त्यांच्या दावणीला लाल कंधारी बैलांची जोडी आहे. गडद लाल रंगाची ही जात या तालुक्याच्या नावानं ओळखली जाते. आबा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "तुकतुकी बगा." माशी बसली तर घसरावी अशी ती पाठ. मग दहा पावलांवरच्या ज्वारीचं पान दोन बोटांत धरून तेच म्हणाले, "हिचीबी तुकतुकी बगा."

जनावराचं कातडं आणि ज्वारीचं पान यांना एकच शब्द. पोसलेल्या अंगावर जी चकाकी येते ती आबांच्या दृष्टीनं दोन्हीकडे सारखीच आहे, आणि ती गेली की काहीतरी बिघडलंय हेही दोन्हीकडे सारखंच.

ज्वारी पोटरीत होती. वरच्या पानाच्या आवरणात कणीस भरून तिथं फुगवटा आला होता, पायाच्या पोटरीसारखा. शब्द तिथूनच आला असणार. आबांनी फुगवट्यावर अंगठा दाबून बघितला. "भरलीय. आठ दिसात निसवल." निसवणं म्हणजे कणीस बाहेर पडणं. आबा पुढचं सांगत गेले: मग फुलोरा, मग दाणा दुधात, मग चिकात, मग हुरड्यात, मग कडक. दाण्याच्या पोटात काय आहे यावरून नाव. शहरात हुरडा पार्टीला जाणाऱ्यांना शेवटून दुसरा मुक्काम तेवढा माहीत असतो.

सकाळी ११.३०

बारूळकडे कापूस. निम्न मानार प्रकल्पाचं धरण इथंच, त्यामुळे कालव्याच्या अंगानं ऊसही दिसतो. ऊन तापलं होतं. एका तरुण शेतकऱ्यानं लांबूनच हाक मारली, "मॅडम, कापसानं माना टाकल्या!"

भर दुपारी कापसानं मान टाकणं हे रोगाचंच लक्षण असतं असं नाही. जमिनीत ओल असूनही पानातून उडतं तेवढं पाणी मुळं पुरवू शकत नाहीत, तेव्हा निरोगी झाडही तासभर मलूल होतं. खरी परीक्षा संध्याकाळी. ऊन उतरल्यावर पानं पुन्हा ताठ झाली तर झाड ठीक. नाही झाली तर मुळाशी काहीतरी आहे. लांब खंड पडून एकदम मोठा पाऊस झाला की पाणी साचलेल्या जागी झाडं अचानक वाळायला लागतात, त्याला आकस्मिक मर म्हणतात. इथं वावराच्या खालच्या कोपऱ्यात पाणी साचलेलं होतं आणि माना टाकलेली झाडं नेमकी तिथंच होती. आधी चर काढून पाणी बाहेर घालायला सांगितलं. बाकीचा कापूस चांगला होता: पाती भरपूर, फुलं, खालच्या फांद्यांना हिरव्या कैऱ्या. बोंड फुटेपर्यंत इथं त्याला कैरीच म्हणतात.

त्याचे वडील बाजेवर बसले होते. बीटी कापसाला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली, त्याच्या आधीची गोष्ट त्यांनी काढली. "नांदेड चव्वेचाळीस होती तवा. पाऊस गेला की पार खराटा व्हायची. अन् एक पानी पडलं की फिरून फुटायची." नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा तो संकरित वाण, आणि ताणातून पुन्हा बहरण्यासाठीच तो गाजला होता. 'फिरून फुटणं' हा शब्द मी वहीत लिहून घेतला. जोमदार आणि काटक यांतला फरक त्यात आहे. न वाळणारं झाड जोमदार, वाळूनही उठणारं काटक. कोरडवाहू माणसाला दुसऱ्याची किंमत जास्त.

दुपारी १.१५

लिंबाखाली डबा. भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. धाकट्या भावाचा फोन. तो पुण्यात एका कंपनीत आहे आणि त्याच्या टीममध्ये व्हिएतनामची एक मुलगी आली आहे, मेकाँग नदीच्या खोऱ्यातली, भातशेती करणाऱ्या घरातली. माझ्या वहीबद्दल त्यानं तिला सांगितलं, तेव्हापासून ती आपले शब्द बोलून पाठवते आणि मी ते देवनागरीत कसेबसे उतरवते.

त्यांच्याकडे 'सान' या एका शब्दात हिरवा आणि निळा दोन्ही येतात. वेगळं करायचं असेल तर झाडाच्या पानाचा 'सान' किंवा आकाशाचा 'सान' असं सांगतात. 'सान तोत' म्हणजे हिरवं-चांगलं, जोमात असलेलं. 'मन मन' म्हणजे कोवळं, ओलसर चमक असलेलं, आपलं लुसलुशीत. 'उम तुम' म्हणजे दाट, गच्च वाढलेलं. 'सुम सुए' म्हणजे फांद्या-पानांनी, फळांनी डवरलेलं. त्यांनाही आपल्यासारखीच जोडशब्दांची आवड आहे; लुसलुशीत, रसरशीत, तुकतुकीत म्हणताना आपण जे करतो तेच. एकदा म्हणून भागत नाही, झाडाचा जोर दाखवायला आवाज दुसऱ्यांदा घुमवावा लागतो.

आज तिनं भाताविषयी सांगितलं. फुटवे येऊन शेत हिरवंगार झालं, पण लोंबी अजून पोटात आली नाही, त्या दिवसांना ते भाताचे 'कॉन गाय' दिवस म्हणतात. कॉन गाय म्हणजे मुलगी. भात मुलीच्या वयात आला. आणि पुढे दाण्यात पांढरा रस भरतो तेव्हा भातानं दूध तोंडात धरलंय असं म्हणतात.

माझा घास हातातच राहिला. आबांनी चार तासांपूर्वी दाणा 'दुधात' म्हटलं होतं. मेकाँगचा पाण्यात उभा असलेला भात आणि बालाघाटच्या मुरमाड उतारावरची ज्वारी, दोघांच्या दाण्यात दूधच. नखानं दाणा फोडून बघणाऱ्या कोणत्याही माणसाला पहिल्यांदा तेच दिसतं आणि तोच शब्द सुचतो. आणि 'धरणं' तिथंही आलं, याचा मला फार आनंद झाला. भावाला सांगितलं, तिला आपलं 'पोटरी' पाठव.

दुपारी ३.००

कार्यालय. अहवालाचा तक्ता. पीक, पेरणी क्षेत्र, अवस्था, स्थिती. 'स्थिती'त चांगली, मध्यम, असमाधानकारक यांपैकी एक भरायचं. शेवटी 'शेरा' म्हणून एक अरुंद रकाना.

मला तक्त्याचा राग नाही. शेकडो गावांची बेरीज करायची तर शब्द थोडेच लागतात. महसूल खात्याची पैसेवारीही अशीच. पूर्वी रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा ती आणेवारी होती. पीक किती आणे आलं ते सांगायचं. आता पैशांत सांगतात आणि पन्नास पैशांच्या खाली गेलं की गाव टंचाईत धरतात. सप्टेंबरअखेर नजरअंदाज पैसेवारी, ऑक्टोबरअखेर सुधारित, डिसेंबरात अंतिम. 'नजरअंदाज' शब्द बघा. कुणाची तरी नजर शिवारावरून फिरते आणि तिच्यावर वीजबिलातली सवलत, पोरांची परीक्षा फी, कर्जाची वसुली अवलंबून राहते. ही नजर काळ्याशार हिरव्याला फसली तर काय होतं ते मी बघितलं आहे. म्हणून 'माजलंय' या शब्दाची माझ्या लेखी किंमत आहे. तो शब्द माहीत असलेली नजर फसत नाही.

'शेरा' रकान्यात मी बारीक अक्षरात लिहिलं: फुलवळ शिवारात सोयाबीननं शेंगा धरल्या, काही क्षेत्रात कायिक वाढ जास्त. 'माजलं' लिहायची इच्छा होती. 'कायिक वाढ जास्त' हे बरोबर आहे, पण त्यात दोष कुणाचा आणि पुढे काय होणार हे येत नाही. मग कंसात 'माजलेले' असं लिहिलंच. वरिष्ठांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या कागदावर सही केली.

संध्याकाळी ५.३०

गावात बैठक, मारुतीच्या पारावर. आधी ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्यानं आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवर करायची, फोटोसकट. तिघांच्या नोंदी करून दिल्या. नंतर मी ती दोन मुळं काढून मधे ठेवली, सकाळपासून ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलेली. कोणतं झाड कोणत्या वावरातलं हे सांगितलं नाही. प्रत्येकानं गाठी चिरून बघितल्या. शाळेतली चार पोरं पुढे घुसली.

याच तालुक्यातून आमदार आणि पुढे नांदेडचे खासदार झालेले केशवराव धोंडगे यांनी गुराख्यांचं साहित्य संमेलन भरवायला सुरुवात केली होती. ते २०२३ च्या १ जानेवारीला गेले. गुरांमागं फिरणाऱ्याची भाषा मांडवात आणून ऐकण्याजोगी आहे हे त्यांना कळलं होतं. पारावर बसून मी हेच बघत होते. एक पोरगा गुलाबी गाठ हातात धरून म्हणाला, "ह्ये जित्तं हाय." जित्तं, म्हणजे जिवंत. वहीत हा शब्द नव्हता. लगेच लिहिला.

रात्री ८.१०

स्वयंपाक उरकत होता तेव्हा बारूळच्या त्या तरुणाचा फोन आला. चर काढला, पाणी गेलं, खालच्या कोपऱ्यातली दोन ओळींमधली झाडं अजून पडलेलीच आहेत, बाकीची उठली. उद्या सकाळी येते म्हटलं.

लगेच दुसरा फोन, मावशींच्या नातवाच्या मोबाइलवरून. मावशींनी संध्याकाळी एका झाडाच्या शेंगा मोजल्या होत्या, बारीक चपट्यासुद्धा धरून. एकावन्न.

"मग मावशी, यंदा काय म्हणता?"

थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज येत राहिला. फुलवळला सर आली होती.

"बरं हाय माय," त्या म्हणाल्या.